जाताना आठ, येताना सात

प्रश्न : लंडन-न्यूयॉर्क अंतर जाता-येता सारखंच. मग न्यूयॉर्कला जाताना सुमारे 8 तास आणि परतताना 7च का?

उत्तर : अंतर साधारण 5,550 किलोमीटर, ते बदलत नाही. बदलतो तो वारा. 10-11 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे वाहतात. हिवाळ्यात कधी ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे. विमान हवेतून ताशी सुमारे 900ने जातं. वारा पाठीशी असला की जमिनीच्या हिशेबाने वेग वाढतो, समोरून आला की घटतो. पृथ्वी खालून फिरते म्हणून असं होतं, असं शाळेत असताना मीही मानायचो. ते चूक, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. आणि हो, तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. थेट वजाबाकी करू नका, आधी दोन शहरांमधला (बहुतेक काळ 5 तासांचा) फरक धरा.