बाभळीत बसलेला शिक्रा फोटोत काळा येतो, फोकस काट्यावर जातो. लेन्स बदलू का?

लेन्स अजिबात बदलू नका आत्ता. तुम्ही लिहिलंय की सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या बाजूला वेड्या बाभळीत शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) दिसतो पण फोटोत एकतर काळाठिक्कर येतो, नाहीतर पुढचा काटा शार्प आणि मागं पक्षी धूसर. मी पण ह्याच बाभळींत बरेच हिवाळे घालवलेत म्हणून सांगतो, निम्मं काम सेटिंगचं आहे आणि निम्मं तुम्ही नेमके कुठं थांबलाय त्याचं.

आधी फोकस. कॅमेऱ्याला मोठा चौकोन दिला की तो जवळची काडी पकडणारच, डोळा ओळखणारा फोकस सुद्धा असल्या जाळीत गडबडतो. सगळ्यात बारीक सिंगल पॉइंट (फोकसचा एकच ठिपका) ठेवा आणि तो डोळ्यावर बसत नसेल तर छातीच्या कडेवर टाका. तरी लेन्स पुढंमागं करतच राहिली तर हातानं रिंग फिरवून पक्षी अंदाजे स्पष्ट करून घ्या, मग बटण दाबा, आता ती काट्याकडं पळत नाही.

पण खरी गोष्ट जागेची आहे बघा. एकदा सकाळी शिक्रा सरडा पायात दाबून आत बसलेला, गाडीच्या खिडकीतनं नुसता पंख आणि काटेच दिसत होते. गाडीतनं उतरलो असतो तर तो गेलाच असता, म्हणून सीटवरच वीतभर मागं सरकलो, आणि दोन फांद्यांमधनं एक फट सापडली, त्यात अख्खं डोकं आणि तो लालभडक डोळा! बाकी अंगावर फांद्या आडव्या होत्या, राहू दे की, तो राहतोच तिथं. डोळा आणि चोच मोकळी मिळाली की फोटो जिवंत वाटतो असं माझं मत आहे.

काळा येण्याचं कारण मागचं आभाळ. कॅमेरा त्या उजेडाला बघून सगळाच फोटो गडद करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ ते +१.७ पर्यंत न्या, आभाळ पांढरं पडलं तरी चालेल. कापशी घारीचं मात्र उलटं आहे ओ, ती पांढरीशुभ्र, मागं गडद झाडी असली की फोटोत छातीची पिसं नुसती पांढरीफट पडतात, तिथं -०.७ करावं लागतं. रॉ मध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) काढा आणि आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० ला घाबरू नका, दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो दुरुस्त होत नाही. शटर स्पीड बसलेल्याला १/५०० सेकंद, उडत्याला १/२००० च्या खाली शक्यतो नको.

आणि आपल्याकडचं ऊन. भुई तापली की हवा थरथरते, मग लांबचा पक्षी कितीही महागाच्या लेन्समधनं पाण्यात बसल्यासारखाच येतो. हुरड्याच्या दिवसांत सुद्धा साडेनऊ-दहानंतर मी लांबचे फोटो सोडून देतो. थंडीत सकाळी वारं बऱ्याचदा पूर्वेकडनं असतं, सूर्यही तिकडंच, म्हणजे दोन्ही पाठीशी घेऊन थांबलात तर एका जागी पंख मारत लटकणारी कापशी वाऱ्याकडं तोंड करून म्हणजे तुमच्याकडंच बघत असते, आणि उजेडही थेट तिच्या तोंडावर. बसलेला पक्षी सुद्धा उडताना वाऱ्याच्या दिशेनंच झेप घेतो, त्याआधी बऱ्याचदा पुढं झुकून शीट टाकतो, ते दिसलं की बोट बटणावर ठेवा.

एक कळकळीची विनंती, घरटं असेल तर फोटोसाठी एक काडी सुद्धा तोडू नका, ती सावली पिल्लांची असते आणि आडोसा गेला की कावळ्यांना आयतं दिसतं. सोलापूरजवळच्या नान्नजला, १९७९ पासून माळढोक पक्ष्यासाठी राखलेल्या त्या माळावर, हिवाळ्यात भोवत्ये (गवताळ माळावरचे शिकारी पक्षी) येतात, ते संध्याकाळी गवतात जमिनीवरच झोपायला उतरतात. तिथं अंधार पडताना फोटोसाठी गवतात शिरणारे बघितले की जीव तुटतो, एकदा उठवलं की त्या बिचाऱ्यांनी रात्री जायचं कुठं?

उद्या जाणार असाल तर उजाडायच्या आधी पोचा, इंजिन बंद करा (चालू इंजिननं पण फोटो हलतो), काच खाली घ्या आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा मांडीवरच ठेवून शिक्रा कुठल्या फांदीवर परत परत येतो तेवढंच बघा, मग त्या फांदीसाठी फट शोधून ठेवा.