हे फंक्शन लिहिलंय कुठे आणि बोलावतंय कोण?

प्रश्न : नवीन कामात जुना सी कोड हातात आलाय, फाइल्स हजारोंनी, आणि सगळं टर्मिनलमधून विम या एडिटरमधेच वाचायचं. एखादं फंक्शन कुठे लिहिलंय ते शोधायला ग्रेप (फाइलींमधे मजकूर शोधायची कमांड) मारते तर स्क्रीनभर ओळी येतात. सिनियर म्हणाले सीटॅग्स वापर. सुरुवात कशी करू?

उत्तर : ग्रेपला फक्त अक्षरं दिसतात हो. डेफिनिशन (फंक्शन प्रत्यक्ष लिहिलेली जागा) असो, कॉल असो, नाहीतर कॉमेंटमधला उल्लेख, त्याला सगळं सारखंच, म्हणून एवढा पसारा. सीटॅग्स सगळा सोर्स एकदा वाचतं आणि फंक्शन, स्ट्रक्ट, मॅक्रो, टाइपडेफ जिथे जिथे डिफाइन झालेत त्यांची यादी टॅग्स नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून ठेवतं. प्रोजेक्टच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमधे जा आणि सीटॅग्स, स्पेस, डॅश, कॅपिटल आर एवढंच टाइप करा. कॅपिटल आर म्हणजे आतले सगळे फोल्डर पण घे.

मग विम तिथूनच उघडा, नावावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि बंद होणारा चौकोनी कंस दाबा की थेट डेफिनिशनवर. परत यायला कंट्रोल टी. सात-आठ फंक्शनं खोल गेलात तरी विमला आलेली वाट लक्षात असते, कंट्रोल टी दाबत एकेक पायरी मागे या, आणि अनोळखी कोड वाचताना उडी मारण्यापेक्षा हे परत येणंच जास्त उपयोगी पडतं असं माझं ठाम मत आहे. एकाच नावाची स्टॅटिक (आपल्या फाइलीपुरतीच असलेली) फंक्शनं वेगवेगळ्या फाइलीत असली तर विम आपणहून एक निवडतो आणि आपण भलताच कोड वाचत बसतो, अशा वेळी स्मॉल जी आणि मग तोच कंस दाबा, सगळ्या जागांची यादी समोर येते.

एकदा ती टॅग्स फाइल उघडून बघाच. ओळीत आधी नाव, मग टॅब, मग फाइलचं नाव, परत टॅब, आणि पुढे बहुतेक वेळा ओळीचा नंबर नाही तर दोन स्लॅशच्या मधे ती ओळच शोधायचा पॅटर्न. म्हणून वरती कोणी नवीन ओळी घातल्या तरी उडी बरोबर पडते. त्या पॅटर्ननंतर येणारं एक अक्षर प्रकार सांगतं, एफ म्हणजे फंक्शन, एस म्हणजे स्ट्रक्ट, डी म्हणजे मॅक्रो. यादी नावाप्रमाणे सॉर्ट केलेली असल्यामुळे एडिटर बायनरी सर्च करतो, म्हणजे दर वेळी उरलेली अर्धी यादी बाजूला टाकतो, फाइल कितीही मोठी असली तरी वाट बघावी लागत नाही.

प्रश्न : मॅकवर कॅपिटल आर दिला की 'इल्लिगल ऑप्शन' येतंय.

उत्तर : मॅकवर आधीपासून असतं ते बीएसडीचं जुनं सीटॅग्स, त्याला हा ऑप्शनच माहीत नाही. होमब्रू या पॅकेज मॅनेजरमधून युनिव्हर्सल सीटॅग्स टाका. लिनक्सवर पण डॅश डॅश व्हर्जन देऊन एकदा बघून घ्या, एक्झुबरंट असं नाव आलं तर ते बदला, त्याची शेवटची ५.८ आवृत्ती २००९ मधली आहे आणि पुढचं सगळं काम युनिव्हर्सलमधेच झालंय.

प्रश्न : मला उलटं हवंय. फंक्शनची सही (सिग्नेचर, म्हणजे ते काय घेतं आणि काय परत देतं) बदलायचीय, तर त्याला कोण कोण कॉल करतं ते कसं कळणार?

उत्तर : नेहमीच्या टॅग्स फाइलीत ते नसतं, तिथे सीस्कोप लागतं. हे बेल लॅब्समधलं जुनं टूल, २००० साली ओपन सोर्स झालं, आणि सी वाचायला अजूनही फार कामाचं. सीस्कोप, डॅश, कॅपिटल आर, स्मॉल बी, स्मॉल क्यू दिलं की इंडेक्स बनतो, मग नुसतं डॅश डी देऊन उघडा. सिम्बॉल (कोडमधलं कुठलंही नाव), डेफिनिशन, हे फंक्शन कोणाला बोलावतं, याला कोण बोलावतं, ही हेडर फाइल कोणी इन्क्लूड केलीय, सगळे प्रश्न खाली ओळीने मांडलेले दिसतात. बाहेर पडायला कंट्रोल डी.

पण सही बदलताय म्हणून एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. फंक्शन पॉइंटरमधून (फंक्शनचा पत्ता ठेवलेल्या व्हेरिएबलमधून) झालेला कॉल सीस्कोपला कळत नाही. समजा स्ट्रक्टमधे 'डॉट रीड इज इक्वल टू माय_रीड' असं लिहिलंय आणि कॉल होतो 'ऑप्स अ‍ॅरो रीड' असा, तर माय_रीडला कोण बोलावतं या प्रश्नाला यादी रिकामी येईल, आणि रिकामी यादी बघून फंक्शन कोणी वापरतच नाही असं समजून उडवलंत तर पंचाईत. म्हणून कॉलर शोधून झाले की तेच नाव सिम्बॉल म्हणून पण शोधा, ती असाइनमेंटची ओळ तिथे सापडते, मग पुढे रीड नावाच्या मेंबरचा माग काढा. लिनक्स कर्नल वाचत असाल तर हाताने काही करू नका, मेक सीस्कोप आणि मेक टॅग्स तयारच आहेत, सिस्टिम कॉलचे मॅक्रो साध्या सीटॅग्सला ओळखता येत नाहीत ते पण त्यात सांभाळलेत.

प्रश्न : ब्रँच बदलली की उड्या चुकतात, शिवाय टॅग्स फाइल अवाढव्य झालीय.

उत्तर : इंडेक्स जुना राहिलाय. गिटच्या पोस्ट-चेकआउट आणि पोस्ट-मर्ज हुकमधे (ब्रँच बदलल्यावर किंवा मर्ज झाल्यावर गिट आपोआप चालवतो त्या स्क्रिप्टमधे) सीटॅग्सची कमांड टाका, बॅकग्राउंडला चालू द्या. फाइल फुगते ती बहुतेक नोड मॉड्युल्स नाहीतर बिल्ड फोल्डरमुळे, डॅश डॅश एक्सक्लूड देऊन ते वगळा. आणि टॅग्स फाइल चुकून कमिट होऊ नये म्हणून तिचं नाव डॉट गिटच्या आत इन्फो फोल्डरमधल्या एक्सक्लूड फाइलीत लिहा, म्हणजे टीमच्या गिटइग्नोरला हात लावायला नको.