चुळबुळ्या मुलांना गोष्ट वाचून दाखवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा 3 वर्षांचा, मुलगी 5 वर्षांची. दोन पानं झाली की धाकटा उठून उड्या मारतो, पुस्तक ओढतो, मध्येच भलतंच काहीतरी विचारतो. मोठी चिडते आणि वाचन भांडणावर संपतं. दोघं शांत बसायला शिकेपर्यंत वाचून दाखवणं थांबवावं का?

थांबवू नका. थांबवायचंच असेल तर ‘नीट बस’ म्हणणं थांबवा. एका जागी बसून राहणं हे 3 वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र काम आहे. त्यावर जोर दिला की सगळी शक्ती तिथेच खर्च होते आणि गोष्ट कानावरून निघून जाते. तो ऐकतोय की नाही हे त्याच्या पायांवरून ठरवू नका. ओळखीच्या गोष्टीत एक शब्द मुद्दाम चुकवा, मांजरीच्या जागी बैल म्हणा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उड्या मारणारा पोरगा तिथून ‘मांजर!’ असं ओरडला, तर वाचन व्यवस्थित चालू आहे. एखादं वाक्य शेवटच्या शब्दाआधी सोडून बघितलं तरी कळतं. दोन्ही वेळा काहीच आलं नाही, तर मात्र तो खरोखर निघून गेलाय. मग पान पुरं करायच्या फंदात पडू नका.

पुस्तक निवडताना बरीच गडबड होते. चित्रपुस्तकं पुष्कळदा 32 पानांची असतात, कारण छपाईचे मोठे कागद घडी घालून 8 किंवा 16 पानांचे गठ्ठे होतात. त्या आकड्याचा मुलाच्या दमाशी काहीही संबंध नाही. म्हणून पानं मोजू नका, समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून शब्द किती आहेत ते बघा. मुलांना वाचून दाखवण्याचा सावकाश वेग मिनिटाला साधारण 100 शब्द धरा. म्हणजे 40 शब्द असले की ते चित्र 24 सेकंद तरी समोर राहतं. चुळबुळ्या 3 वर्षांच्या मुलासाठी तेवढं पुरे. त्याच जागी 120 शब्द असतील तर चित्र केव्हाच बघून झालेलं असतं, आणि पान उलटायला हात पुढे येतो तो तेव्हाच. आपण त्याला पुस्तक ओढणं म्हणतो.

असं जड पुस्तक आवडीचं असेल तर कापा. आदल्या दिवशी एकदा मनात वाचून घ्या आणि वगळायच्या ओळींना पेन्सिलीने कंस करा. वर्णनं आणि ‘असे म्हणत तो उठला’ छापाची वाक्यं निर्धास्त गाळा. संवाद, आवाजाचे शब्द आणि परत परत येणारी ओळ ठेवा. हे आयत्या वेळी जमत नाही. डोळे गाळायची जागा शोधत असतात, आवाज अडखळतो, आणि मूल नेमक्या त्या फटीतून निसटतं.

आवाजाबद्दल जरा सविस्तर. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणजे काय घडलं हे कळायला मुलाला अख्खं वाक्य धरून ठेवावं लागतं. वाचणाऱ्या मोठ्या माणसांचा आवाज मात्र वाक्याच्या शेवटी पडतो, त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचा शब्दच पुटपुटला जातो. ‘कोल्हा झुडपामागून हळूच पुढे आला आणि त्याने मडक्यात डोकं घातलं’ यातलं ‘घातलं’ स्पष्ट ऐकू यायला हवं. लांब वाक्य ‘आणि’, ‘म्हणून’, ‘तेवढ्यात’ या शब्दांच्या आधी तोडा, तिथे श्वास घ्या. ‘तेवढ्यात’ म्हटल्यावर पूर्ण 2 सेकंद थांबा. मूल उठलेलं असेल तर बहुतेक वेळा याच शांततेत मागे वळून बघतं.

गोंगाट वाढला की आपला आवाज आपोआप चढतो. करायचं याच्या उलट: आवाज खाली आणा, वेग कमी करा. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढायची गरज नाही. असे आवाज तिसऱ्या पानावर एकमेकांत मिसळतात आणि घसाही बसतो. एक पात्र सावकाश बोलणारं, एक भरभर बोलणारं, एवढा फरक पुरतो. पुस्तकी भाषा मात्र सगळी घरगुती करून टाकू नका. ‘पसार झाला’, ‘घनदाट’, ‘चाहूल’ हे शब्द एरवी बोलताना मुलांच्या कानावर कमी पडतात, वाचनाचा मोठा फायदा तोच आहे. नवा शब्द आला की अर्थ सांगत बसू नका. चित्रावर बोट ठेवा किंवा हावभाव करा आणि पुढे जा.

धाकट्याला हाताला काम द्या. मऊ क्ले, जाड खडू आणि कागद, किंवा उशांचा ढीग चालतो. चाकांची, बटणांची, आवाज करणारी खेळणी चालत नाहीत, आणि टीव्ही चालू असेल तर काहीच चालत नाही. त्याहून चांगलं म्हणजे गोष्टीतलंच काम: पान त्याने उलटायचं, पण तुम्ही ‘हं’ म्हटल्यावर. दार वाजलं की जमिनीवर थाप मारायची, पाऊस आला की बोटं वाजवायची. पहिल्या वाचनात अशी एकच खूण ठेवा. दोन-तीन ठेवल्या तर खेळच होतो आणि गोष्ट बाजूला राहते.

मध्येच येणारे प्रश्न बहुतेक चित्राचे असतात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात लहान मुलांच्या नजरेचा माग घेतला होता. वाचून दाखवलं जात असताना मुलं जवळपास सगळा वेळ चित्रंच बघत होती, अक्षरांकडे क्वचित. त्यामुळे तुम्ही घोड्याबद्दल वाचत असताना तो कोपऱ्यातल्या बेडकाबद्दल विचारतो, तेव्हा तो पुस्तकातच आहे. एका वाक्यात उत्तर द्या आणि बेडकावरूनच परत या: ‘बेडूकही घोड्याकडे बघतोय.’ प्रश्न पुस्तकाबाहेरचा असेल तर ‘पान संपलं की सांगते’ म्हणा आणि पान संपल्यावर खरंच सांगा. एकदा विसरलात की पुढच्या वेळी तो थांबणार नाही.

तुम्ही विचारायचे प्रश्न वेगळ्या जातीचे असावेत. ‘हा कोणता रंग?’, ‘हे काय आहे?’ ही परीक्षा झाली. ‘आता हा काय करेल?’, ‘याचं तोंड असं का झालं असेल?’ असं विचारा. मुलाने ‘पळेल’ म्हटलं की ‘हो, मांजराला घाबरून पळेल’ असं वाक्य वाढवून परत द्या. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 2-3 वर्षांच्या मुलांच्या पालकांना अशा पद्धतीने वाचायला शिकवलं होतं. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात महिन्याभरातच त्या मुलांची भाषा इतर मुलांच्या पुढे गेलेली दिसली. पण पानागणिक प्रश्न नकोत. अस्वस्थ मुलाबरोबर अख्ख्या पुस्तकात दोन-तीन पुरतात, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात.

तेच पुस्तक रोज मागितलं तर कंटाळा फक्त तुम्हाला येतो. 3 वर्षांच्या मुलांवरच्या 2011 सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात काहींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, तर काहींना वेगवेगळ्या गोष्टी ऐकवल्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा येत होते. ते जास्त पक्के झाले एकच गोष्ट ऐकणाऱ्यांचे. चुळबुळ्या मुलाला तर याचा दुहेरी फायदा: पुढे काय येणार हे माहीत असल्यामुळे तो खोलीत फिरत राहतो आणि आवडत्या पानाला बरोबर पुस्तकापाशी हजर होतो.

दोघांना एकत्र वाचताना मोठीच्या उंचीचं पुस्तक निवडू नका. आधी धाकट्याचं, 4-5 मिनिटं. त्यातली परत परत येणारी ओळ मोठीला म्हणू द्या, म्हणजे तिलाही काम मिळतं. मग तिचं, 10-15 मिनिटं, आणि तेव्हा धाकट्याला हवं तिथे जायची मुभा. पुस्तक मध्ये, मुलं दोन्ही बाजूंना आणि दिवा मागून, कारण गुळगुळीत कागदावर समोरून उजेड पडला की चित्र दिसत नाही. बांधणीची बाजू खालून तळहातावर पेला, म्हणजे बोटं चित्रावर येत नाहीत.

झोपायची वेळ सगळ्यांना सोयीची वाटते, पण दमलेलं मूल शांत होण्याऐवजी उधळतं. अशा मुलांना अंघोळीनंतर किंवा पोट भरल्यावर वाचा, त्याआधी 10 मिनिटं मनसोक्त उड्या मारू द्या. आणि तो उठून जायच्या आत एक पान तुम्हीच थांबा. ‘बाकीचं उद्या’ हे तुम्ही म्हणायला हवं. पुस्तक ऐकलं तर खाऊ, नाही तर शिक्षा, असलं काही आणू नका. वाचन कडू औषधासारखं होतं.

एक गोष्ट वेगळी ठेवून बघा. चेहरा दिसत नसताना हाक मारली की तो वळत नाही, सारखं ‘काय?’ विचारतो, आवाज मोठा करायला लावतो, आणि सर्दीनंतर हे वाढतं, असं असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं असू शकतं. या वयात ते पुष्कळ मुलांना होतं. ऐकू येणं कधी कमी, कधी जास्त होत राहतं आणि बाहेरून ते दुर्लक्ष केल्यासारखं दिसतं. तेव्हा पुस्तक बदलण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.