मोटरहोमच्या एवढ्याशा ओट्यावर सुट्टीचा खाऊ काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की दहा दिवस मोटरहोममधून फिरणार आहात. बरोबर दोन मुलं आहेत, दोन बर्नरची शेगडी आहे, लहानसा फ्रिज आहे, ओव्हन आहे पण त्याचा भरवसा वाटत नाही. आणि सणाची सुट्टी म्हटल्यावर रोजच्या जेवणापलीकडे काहीतरी गोड, काहीतरी चटकमटक हवंच. मी बरीच वर्षं अशाच गाडीतून सुट्ट्या काढते आहे, त्यामुळे माझ्या ओट्यावर जे खरोखर जमतं तेवढंच सांगते.

ओव्हनबद्दलची तुमची शंका बरोबर आहे. गाडीतल्या गॅसच्या ओव्हनमध्ये ज्योत तळाशी असते आणि ट्रे तिच्या फार जवळ बसतो. त्यामुळे बिस्किटं खालून करपतात आणि वरून पांढरी राहतात. अगदीच भाजायचं असेल तर खालच्या जाळीवर पिझ्झाची दगडी फरशी ठेवा, ओव्हन वीस मिनिटं आधी तापवा, एका वेळी सहाच बिस्किटं लावा आणि अर्ध्या वेळेत ट्रे फिरवा. पण सुट्टीतला वेळ यात घालवावा असं मला वाटत नाही. गाडीत भाजून फुगणाऱ्या पदार्थांच्या मागे न लागता गार होऊन घट्ट होणारे पदार्थ निवडा. त्यांना एक पातेलं, दहा मिनिटांची आच आणि नंतर फक्त थांबणं पुरतं.

सुरुवात चॉकलेट फजने करा. जाड बुडाच्या पातेल्यात 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 350 ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे, 30 ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ घ्या. अगदी मंद आचेवर सतत ढवळत सगळं एकजीव झालं की लगेच उतरवा, उकळू देऊ नका. बेकिंगचा कागद घातलेल्या चौकोनी डब्यात ओता, वर अक्रोड किंवा सुकवलेली क्रॅनबेरी दाबून बसवा. फ्रिजमध्ये तीन-चार तासांत वड्या पडतात. मिल्क चॉकलेट वापरणार असाल तर ते 450 ग्रॅमपर्यंत घ्या, कारण त्याची वडी मऊ राहते.

फज ओतून झालं की पातेलं धुवायला टाकू नका. त्यातच दूध घाला, पुन्हा शेगडीवर ठेवा आणि कडेचं चॉकलेट खरवडून ढवळा. चौघांना पुरेल इतकं गरम चॉकलेट तयार होतं आणि पातेलंही जवळजवळ स्वच्छ होतं. गाडीत पाणी मोजकं असतं आणि सांडपाण्याची टाकीही लहान, त्यामुळे धुवायची भांडी कमी कशी होतील याचा विचार पदार्थ निवडतानाच करावा लागतो. लोण्याचे, तेलाचे हात किंवा पॅन आधी कागदाने पुसा, मग धुवा. तूपकट पाणी टाकीत गेलं की चार दिवसांनी वास सुटतो.

चॉकलेटच्या पातळ पापड्या याहून सोप्या, पण त्यात एकच गोष्ट बिघडू शकते, ती म्हणजे पाणी. माझी एक अख्खी खेप शेजारच्या बर्नरवरच्या वाफेमुळे वाया गेली होती. वितळलेल्या चॉकलेटमध्ये दोन-चार थेंब जरी पडले तरी त्यातली साखर आणि कोको ओल धरून गोळा होतात आणि चॉकलेट रवाळ, घट्ट होऊन बसतं. तेव्हा हे करताना दुसऱ्या बर्नरवर काही उकळत ठेवू नका आणि चमचा कोरडा ठेवा. 300 ग्रॅम चॉकलेटपैकी 200 ग्रॅम मंद आचेवर वितळवा, खाली उतरवा आणि उरलेलं 100 ग्रॅम बारीक चिरून त्यात मिसळा. यामुळे चॉकलेट हळूहळू निवतं आणि वाळल्यावर चकाकतं, कडक तुटतं. कागदावर पसरा, वर बदाम, पिस्ते, थोडं जाडं मीठ. बाकी मुलांवर सोडा.

या पापड्या फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढताना त्यांच्यावर दव धरतं आणि पांढरे डाग पडतात. थंडीचे दिवस असतील तर रात्री डॅशबोर्डवर ठेवा, काचेजवळची ती जागा गाडीत सगळ्यात गार असते. सकाळी ऊन यायच्या आत मात्र उचला.

मुलांना स्वतः करता येईल असं काही हवं असेल तर ओट्सची न भाजलेली बिस्किटं. एक कप साखर, पाव कप दूध, पाव कप लोणी आणि दोन मोठे चमचे कोको एकत्र उकळायला ठेवा. पूर्ण उकळी फुटल्यापासून घड्याळ लावून एक मिनिट मोजा. इथे घाई नको आणि उशीरही नको. मिनिटभर उकळलं नाही तर बिस्किटं चिकट राहतात, फार उकळलं तर भुगा होतो. खाली उतरवून पाव कप पीनट बटर आणि दीड कप बारीक ओट्स घाला आणि चमच्याने कागदावर थापा. उकळता पाक मोठ्यांनी हाताळायचा, थापण्याचं काम मुलांचं. शक्य असेल तर ते बाहेरच्या घडीच्या टेबलावर द्या, आत दोघं एका वेळी ओट्यापाशी मावत नाहीत.

टॉफी किंवा कॅरमेल गाडीत करू नका असं मी आग्रहाने सांगेन. तो पाक 150 अंशांच्या आसपास जातो आणि इतक्या अरुंद जागेत, मुलं पायाशी वावरत असताना, तो सांडला तर होणारी इजा साधी नसते. गोळीबंद पाकाचं काही करायचंच असेल आणि तुम्ही डोंगरात मुक्कामाला असाल तर एक लक्षात ठेवा: दर 300 मीटर उंचीला पाणी साधारण 1 अंश आधी उकळतं. तेव्हा थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. 95 अंश दाखवला तर पाककृतीतल्या आकड्यातून 5 वजा करा, नाहीतर पाक पुढे जातो.

खारट-तिखटात पॉपकॉर्नसारखं दुसरं काही नाही. तीन-चार लिटरच्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेल आणि मक्याचे तीन दाणे टाका. तिन्ही फुटले की तेल तयार. मग साधारण 100 ग्रॅम दाणे घालून झाकण किंचित तिरकं ठेवा. दाण्याच्या आतलं पाणी वाफ होऊन दाणा फुटतो. ती वाफ बाहेर गेली नाही तर लाह्या मऊ पडतात. जुने, उघडे राहिलेले दाणे न फुटण्याचं कारणही हेच, त्यांच्यातली ओल उडून गेलेली असते. काचेचं झाकण असेल तर मुलं तिथून हलत नाहीत. अर्ध्या लाह्यांना लोणी-मीठ, अर्ध्यांवर पिठीसाखर आणि दालचिनी.

त्याच धर्तीवर मसाल्याचे दाणे करता येतात: दोन कप मिश्र सुकामेवा, पाव कप साखर, एक चमचा लोणी, मीठ, दालचिनी आणि थोडं लाल तिखट पॅनमध्ये मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं हलवत राहा. साखर विरघळून दाण्यांना चिकटली की ताबडतोब कागदावर सुटे करा. शेगडी लावायचीच नसेल त्या दिवशी मऊ पोळीसारख्या रॅपवर क्रीम चीज, बारीक चिरलेली सिमला मिरची आणि ऑलिव्ह पसरून घट्ट गुंडाळी करा. तासभर फ्रिजमध्ये ठेवून दोन सेंटिमीटरचे काप काढा.

संध्याकाळी एक लिटर सफरचंदाचा रस, दालचिनीची एक काडी, चार-पाच लवंगा आणि संत्र्याच्या सालीची पट्टी मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा. गाडीभर जो वास दरवळतो त्यानेच सुट्टी सुरू झाल्यासारखी वाटते. मी तर मुक्कामाला पोचले की आधी हेच चढवते.

आता थोडं गाडीबद्दल, कारण यात चूक होऊन चालत नाही. शेगडी पेटवण्याआधी छताची खिडकी आणि बाजूची एक खिडकी उघडा, बाहेर कितीही गारठा असला तरी. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. काचा ओघळतात, साखरेचे पदार्थ चिकट होतात. त्याहून महत्त्वाचं, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो आणि त्याला वास नसतो. कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा असे दोन्ही अलार्म चालू आहेत का ते गाडी ताब्यात घेतानाच तपासा. शेगडीचा उपयोग गाडी ऊबदार ठेवायला कधीही करू नका आणि गाडी चालू असताना काहीही शिजवू नका.

मायक्रोवेव्ह असेल तर 700 वॉटचा म्हणवणारा मायक्रोवेव्हही प्रत्यक्षात हजाराच्या वर वॉट ओढतो. 12 व्होल्टच्या बॅटरीवर म्हणजे जवळपास 100 अँपिअर. बाहेरून वीज जोडलेली असेल तेव्हाच तो वापरा. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गाडी सपाट जागी उभी करा, आणि गरम डबा थेट आत सरकवू नका. हा फ्रिज हळू गार होतो, एका गरम पातेल्याने आतलं दूध-चीज तासन्‌तास 5 अंशांच्या वर राहतं. आधी ओट्यावर निवू द्या.

घरूनच कोरडे जिन्नस मोजून पिशव्यांत भरा आणि पिशवीवर पुढची कृती लिहा. गाडीत मोजमापाची भांडी काढायला जागाच नसते. फज पहिल्याच मुक्कामी करा. ते फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकतं आणि रोज दोन-दोन वड्या पुरवून खाता येतात. मसाल्याचे दाणे बरणीत दहाही दिवस राहतात. रॅपचे काप मात्र त्याच दिवशी संपवा, आणि लाह्या तर मला कधी उरलेल्या आठवत नाहीत.