फक्त रविवारी दोन तास टेकडीवर गेल्याने मनाला उपयोग होतो का, की रोजच जायला हवे?

होय, उपयोग होऊ शकतो. आठवड्याचा एकूण वेळ साधारण दोन तास भरत असेल, तर तो एकाच दिवशी मिळाला की थोडाथोडा विभागून, याने फारसा फरक पडत नाही. इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि समाधान चांगले असल्याचे सांगण्याचे प्रमाण अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. यामागचे एक कारण स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या २०१५ मधील प्रयोगात दिसते. झाडागवतातून ९० मिनिटे चाललेल्यांच्या मनात स्वतःविषयीचे तेच ते नकारात्मक विचार घोळणे कमी झाले आणि त्या विचारांशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागाची सक्रियताही घटली. वर्दळीच्या रस्त्याकडेने चाललेल्यांत मात्र असा बदल दिसला नाही. (चालण्याचा व्यायाम दोन्ही गटांना घडला होता, हे मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते.) मात्र इंग्लंडचा अभ्यास केवळ परस्परसंबंध दाखवतो, निसर्गात गेल्यानेच बरे वाटते हे सिद्ध करत नाही; कदाचित मुळात बरे असलेले लोकच अधिक बाहेर पडत असतील. त्यामुळे उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर टेकडीवर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.