परंपरा मानतो म्हणजे मी सामाजिक न्यायाच्या विरोधात का?

प्रश्न: ताई, मी कळव्यात राहतो. मुलगी सरकारी युनिव्हर्सिटीत पॉलिटिकल सायन्समध्ये एमए करतेय. परवा जेवताना म्हणाली, बाबा तुम्ही कंझर्व्हेटिव्ह आहात, म्हणजे सोशल जस्टिसच्या विरोधातच. सणवार, घरची शिस्त हे सगळं मी मानतो हे खरंय, पण आरक्षणाला माझा कधीच विरोध नव्हता. मग मी नेमका कुठल्या बाजूचा?

उत्तर: दादा, लेक जेवताना असे विषय काढते हे वाचूनच मला बरं वाटलं. पण तिचं म्हणणं मला पटत नाही. कंझर्व्हेटिव्ह विचार म्हटलं की एडमंड बर्क या ब्रिटिश विचारवंत खासदाराचं नाव आधी येतं, त्याने १७९० मध्ये फ्रेंच क्रांतीवर टीका केली, की पिढ्यानपिढ्या उभ्या राहिलेल्या संस्था एका झटक्यात मोडू नका, दुरुस्ती करा पण जपून. आणि हाच बर्क १७८८ पासून कित्येक वर्षं ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवरचा खटला लढत होता, ईस्ट इंडिया कंपनीने भारतातल्या लोकांवर केलेल्या जुलमाबद्दल! हेस्टिंग्ज सुटला, पण जुनं जपणारा माणूस अन्यायावर गप्पच बसतो असं काही नाही, हे तरी यातून दिसतं ना?

तुमच्या लेकीच्या बोलण्यात अमेरिकेतला वाद मिसळलाय असं मला वाटतं. तिकडे कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डेव्हिसमधल्या मेडिकल स्कूलने १०० पैकी १६ सीटा अल्पसंख्याक वंशांच्या मुलांसाठी राखीव ठेवल्या होत्या, तो कोटा सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये रद्द केला आणि २०२३ मध्ये तर अॅडमिशन देताना वंश बघणं जवळजवळ बंदच केलं. तिथले कंझर्व्हेटिव्ह म्हणतात घटनेला माणसाचा रंग दिसता कामा नये. आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने गेली, मद्रासच्या कॉलेजांमधली जातवार सीट वाटणी १९५१ मध्ये कोर्टाने रद्द केली आणि त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन मागासवर्गीयांसाठी खास तरतूद करू देणारं कलम १५(४) आलं. म्हणजे इथे ज्याला घटना जपायचीय त्याला हे कलमही जपावं लागतं. आणि परंपराच म्हणाल तर शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांमधल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्या त्या १९०२ मध्ये, ती आपली परंपरा नाही तर कोणाची?

आता मेरिटचं काय, आरक्षण किती पिढ्या, हे प्रश्न वर्गात कोणी विचारले तर लगेच त्याच्यावर शिक्का मारू नये असं मला मनापासून वाटतं, क्रिमी लेयर आणि ५० टक्क्यांची मर्यादा असल्याच वादातून सुप्रीम कोर्टाच्या १९९२ च्या मंडल निकालात पक्की झाली. पण बाकावर शेजारी बसलेल्या मुलाला तू कोट्यातून आलास म्हणून हिणवणं याला मी चर्चा म्हणणार नाही, तो अपमान आहे, आणि तिथे तुम्ही लेकीच्या बाजूने उभं राहायचं, परंपरा मानणारे बाबा म्हणूनच.

रविवारी निवांत बसा दोघं आणि शाहू महाराजांपासून सुरुवात करा. ती काय म्हणाली ते मला नक्की कळवा.