कॅरमची पावडर, झुरळांची पुडी आणि सोनाराचा टाकणखार

प्रश्न : मुलांच्या कॅरमच्या पावडरच्या डब्यावर बोरिक ॲसिड लिहिलंय, झुरळांसाठी आणलेल्या पुडीवर पण तेच. परवा इथे सराफ्यात बांगडी जोडायला दिली तर सोनाराने पांढरा टाकणखार लावला, म्हणे तोही बोरॉनचाच. हे सगळं एकच का? आणि सासूबाई म्हणतात बाळाचं तोंड आलंय तर सवागीची लाही मधातून लाव, लावू का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आधी शेवटचं सांगते ताई, लावू नका. सवागी म्हणजेच टाकणखार, बोरॅक्स, आणि तो पोटात जाऊन साठला की तान्ह्या बाळांना झटके आल्याच्या केसेस झाल्यात, शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मधही द्यायचा नसतो. सासूबाईंना वाईट वाटू देऊ नका, त्यांच्या वेळी सगळेच लावायचे, पण डॉक्टरांना दाखवा.

आता बाकीचं. कॅरमची आणि झुरळांची पावडर एकच, बोरिक ॲसिड, आणि टाकणखार हा वेगळा पदार्थ पण त्याच घरातला, दोन्हीत बोरॉन हे मूलद्रव्य. बोरॉन स्वतः मात्र काळपट, फार कडक, वितळायला दोन हजार डिग्रीच्या वर तापमान लागतं, आणि ना धड धातू ना अधातू, म्हणजे गार असताना वीज जवळपास जाऊच देत नाही, तापवला की जाऊ देतो. १८०८ मध्ये पॅरिस आणि लंडन दोन्हीकडे वेगवेगळ्या लोकांनी तो सुटा केला.

सोनाराचं काम बघण्यासारखं असतं. धातू तापला की त्यावर ऑक्साइडची काजळी धरते आणि मग सांधा पकडत नाही. टाकणखार वितळून काचेसारखा पसरतो, ती काजळी स्वतःत विरघळवून घेतो, हवाही अडवतो, म्हणून जोड स्वच्छ बसतो.

कॅरमवर त्याचा उपयोग निसरडेपणाचा. बोरिक ॲसिडचे कण आतून पत्त्यांच्या कॅटसारखे थरांचे असतात, थरावरून थर सरकतो, स्ट्रायकर सुळकन जातो. खेळून झालं की मुलांना हात धुवायला लावा, तसेच पोह्यांवर बसतात हो! बोर्डवर फुंकर मारायची सवयही मोडा.

बाकी उपयोग ढीगभर आहेत. ओव्हनमधली बोरोसिलिकेट काच गरम-गार झाली तरी तडकत नाही कारण ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते. अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषायलाही बोरॉनच, त्यातला बोरॉन-१० हा प्रकार ते काम करतो.

झुरळांसाठी पावडर नुसती भुरभुरवू नका, कणीक, साखर आणि ती मिसळून छोट्या गोळ्या करा आणि सिंकखाली, फ्रिजच्या मागे ठेवा, रांगतं मूल असेल तर तेही नको. परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवस लागतात, आणि गोळ्या ओल्या झाल्या तर बदलाव्या लागतात. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा, पिठीसाखरेशेजारी ठेवूच नका.